मसाला ऑनलाइन विकायचाय? आधी वजनकाटा, मग कॅमेरा

घरगुती मसाले, मेतकूट, भाजणी, पापड करणारी मंडळी ऑनलाइन विक्रीत उतरतात तेव्हा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी नाव आणि लोगो, मग फोटो, मग इन्स्टाग्राम, मग पहिली ऑर्डर. ऑर्डर आली की धावपळ सुरू होते: कुरिअरचा दर काय, लेबलवर काय लिहायचं, जीएसटी लागतो का? तिसऱ्या महिन्यात कळतं की विक्री झाली, पण हातात काही उरलं नाही.

हा लेख तोच क्रम उलटा करण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून कांदा-लसूण मसाला घेतला आहे, कारण त्यातले खड्डे मला पायाखालचे आहेत. भाजणी किंवा कोकमासाठीही टप्पे हेच राहतील.

टप्पा १ : ऑनलाइन काय न्यायचं ते ठरवा

दुकानात चालणारा प्रत्येक पदार्थ पार्सलात चालत नाही. चकली सांगलीहून निघते तेव्हा चकली असते, नागपूरला पोचते तेव्हा चुरा. अनारशाचं तेच. लोणचं काचेच्या बरणीत पाठवायचा हट्ट तर करूच नका. सुरुवातीला दोन किंवा तीनच वस्तू घ्या. त्या कोरड्या, न फुटणाऱ्या आणि किमान तीन महिने टिकणाऱ्या असाव्यात. मसाला, मेतकूट, थालीपीठ-चकलीची भाजणी या गोष्टी उत्तम. पापड चालतो, पण खोकं कडक हवं.

टिकाऊपणा अंदाजाने लिहू नका. ज्या पाऊचमध्ये विकणार त्याच पाऊचमध्ये एकाच घाण्यातली तीन पाकिटं भरून तारीख टाकून कपाटात ठेवा. एक महिन्यानं एक, दोन महिन्यांनी दुसरं, तीन महिन्यांनी तिसरं फोडा. कांदा नीट वाळलेला नसेल तर दुसऱ्या पाकिटातच गोळे दिसतील. ही चाचणी पावसाळ्यात घ्या. एप्रिलमध्ये कोणताही मसाला कोरडाच राहतो.

*तपासा : तिसऱ्या पाकिटाचा वास आणि रंग पहिल्यासारखाच आहे का? नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.*

टप्पा २ : कागदपत्रं, आणि त्यांचा क्रम

सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता अक्षरशः एकच असला पाहिजे. पॅनवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि लाइट बिलावर सासऱ्यांचं नाव, अशा गोंधळामुळे अर्ज महिनोन्‌महिने परत येत राहतात. जागा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा.

१. व्यवसायाच्या नावानं चालू खातं. घरखर्चाच्या बचत खात्यात विक्रीचे पैसे घेतले की वर्षअखेरीला हिशेब लागत नाही.

२. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. पैसे मागितले की ते पान बंद करा.

३. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडची नोंदणी. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. घरच्या स्वयंपाकघरात करत असाल तरी हा लागतोच. अर्जात पदार्थाचा प्रकार नीट निवडा. मसाल्यासाठी घेतलेल्या नोंदणीवर लाडू विकणं म्हणजे विनानोंदणी लाडू विकणं.

४. वैध मापन शास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी. हे नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. माल आधी पॅक करून विकणाऱ्यानं पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज करायचा असतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दरवर्षी होतं, त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

५. जीएसटी. इथं थोडं थांबूया.

महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये उलाढालीची आहे. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि घात इथंच होतो. ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. आपलं गिऱ्हाईक बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा इथं भरपूर आहे. कोल्हापूरहून बेळगाव हाकेच्या अंतरावर असलं तरी जीएसटीच्या लेखी ते परराज्य.

मार्केटप्लेसवरून (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन बाजारातून) विकायचं तर पूर्वी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट आहे: मर्यादेखालचा विक्रेता जीएसटी पोर्टलवरून फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन मार्केटप्लेसवर विकू शकतो, पण आपल्या राज्यातच. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्यांसाठी विक्रीवर ठरावीक कमी दरानं कर भरायची सोय) व्यापाऱ्यालाही त्याच तारखेपासून मार्केटप्लेस खुलं झालं, तेही राज्याच्या सीमेतच. पापडावर मात्र करच शून्य आहे, त्यामुळे फक्त पापड विकणाऱ्यावर नोंदणीची सक्ती नाही.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने महाराष्ट्रापुरतेच विका. मुंबई-पुण्यातच इतकं गिऱ्हाईक आहे की परराज्याची घाई कशाला? सहा महिन्यांत परराज्यातून किती चौकशा आल्या ते एका वहीत लिहा आणि त्या आकड्यावरून नियमित नोंदणी घ्यायची का ते ठरवा.

*सावधान : "थोडंच तर पाठवतोय" म्हणून गोव्याला बिलाशिवाय पार्सल पाठवू नका. कुरिअरची पावती हाच पुरावा असतो.*

टप्पा ३ : लेबल

लेबल छापायला टाकण्याआधी ही यादी समोर ठेवा: पदार्थाचं नाव, वजनाप्रमाणे उतरत्या क्रमानं घटक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, पोषणमूल्यं, ॲलर्जी होऊ शकणारे घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावं ती तारीख, सर्व करांसहित एमआरपी, एककाची किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन व ईमेल, एफएसएसएआय चिन्ह आणि क्रमांक.

बहुतेक लेबलांत एककाची किंमत राहून जाते. ४०० ग्रॅमचं पाकीट ३६० रुपयांना असेल तर "०.९० रुपये प्रति ग्रॅम" असं लिहावं लागतं. एक किलोपेक्षा कमी वजनाला दर ग्रॅमचा, जास्त वजनाला दर किलोचा.

छपाईत पैसे वाचवायचे असतील तर एक करा. न बदलणारा मजकूर पाऊचवर छापा. बॅच, तारीख आणि किंमत यांच्यासाठी पांढरा चौकोन रिकामा सोडा आणि त्यावर शिक्का मारा. मी पहिल्या खेपेला किंमतही छापून घेतली होती. पुढच्या हंगामात बेडगी मिरची महागली आणि दीड हजार पाऊच माळ्यावर गेले. अजून आहेत.

ऑनलाइन पानावरही लेबलवरची ही वैधानिक माहिती दिसली पाहिजे. वैध मापन नियमांनुसार उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढं पानावर नसलं तरी चालतं. तरीही तारीख विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला टाळू नका.

टप्पा ४ : वजन, खोकं आणि भाव

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. घाई असेल तर बाकीचं उद्या वाचा, हे आज वाचा.

कुरिअरचा दर टप्प्यांनी वाढतो आणि बहुधा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा असतो. आता तुमचं अर्ध्या किलोचं पाकीट काट्यावर ठेवा. मसाला ५०० ग्रॅम, पाऊच आणि खोकं मिळून साधारण ८० ग्रॅम. झालं ५८० आणि दर लागला एक किलोचा. ८० ग्रॅमसाठी दुसऱ्या टप्प्याचे पैसे! तेच पाकीट ४०० ग्रॅमचं केलंत तर खोक्यासकट ४८० भरतं आणि पहिल्या टप्प्यात बसतं. म्हणून ऑनलाइनचं पाकीट दुकानातल्यापेक्षा वेगळ्या वजनाचं असू द्या.

दुसरा खड्डा आकारमानाच्या वजनाचा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या पद्धतीप्रमाणे ५००० नं भागायचं. येईल ते किलोतलं वजन. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. चिवडा यात हमखास मार खातो: २५ × २० × १५ च्या खोक्याचं वजन निघतं दीड किलो, आत चिवडा असतो अर्धा किलो. मसाल्याचं १८ × १२ × ६ चं खोकं मात्र पाव किलोच्या आतबाहेर बसतं.

आता भाव. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घालून बघा. मार्केटप्लेसवर ४०० ग्रॅम, एमआरपी ३६० रुपये:

- ५ टक्के जीएसटी किमतीतच धरलेला : १७ रुपये
- मार्केटप्लेसचं कमिशन व इतर आकार, समजा १५ टक्के : ५४ रुपये
- कुरिअर : ६५ रुपये
- कमिशन व कुरिअरवर १८ टक्के जीएसटी : २१ रुपये
- मिरची, कांदा, खडा मसाला, डंकाची मजुरी, गॅस : १७० रुपये
- पाऊच व खोकं : २० रुपये

उरले १३ रुपये. नियमित जीएसटीत असाल तर २१ रुपयांची वजावट मिळते (भरलेला कर तुमच्या देय करातून वळता होतो) आणि चित्र थोडं सुधारतं. कंपोझिशनमध्ये कराचं गणितच वेगळं, पण वजावट मिळत नाही. दोन्हीकडे तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही हे लक्षात घ्या. बायकांच्या गृहउद्योगांत ती कधीच धरली जात नाही. १७० मध्ये ती घाला, मग भाव ठरवा.

यावर उपाय तीन: किंमत वाढवणं, दोन पाकिटांचा जोड विकणं, किंवा मार्केटप्लेस फक्त नवं गिऱ्हाईक मिळवण्यासाठी वापरून दुसरी खरेदी थेट आपल्याकडे वळेल इतकं नाव करणं. दोन पाकिटांचा जोड मला सर्वांत सोपा वाटतो. कुरिअरचा खर्च दुप्पट होत नाही, विक्री मात्र दुप्पट होते.

*तपासा : हा हिशेब कागदावर लिहून भिंतीला लावलाय का? "साधारण पन्नास सुटतात" हे उत्तर चालणार नाही.*

टप्पा ५ : कुठे विकायचं

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोसारख्या मार्केटप्लेसवर गर्दी तयार असते. तुमचं नाव कुणाला माहीत नसलं तरी "कांदा लसूण मसाला" शोधणाऱ्यापुढे तुम्ही उभे राहता. बदल्यात कमिशन किंवा इतर आकार जातात आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुमच्या हाती येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर नंबर तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, पण त्याला तिथवर आणायचं कामही तुमचं. ओएनडीसी, म्हणजे सरकारच्या पुढाकारानं उभं राहिलेलं खुलं जाळं, हा तिसरा मार्ग: एखाद्या विक्रेता ॲपवर नोंदणी केली की त्या जाळ्यातल्या वेगवेगळ्या खरेदी ॲपवर तुमचा माल दिसतो.

सुरुवात व्हॉट्सॲपवरून करा. पन्नास ओळखीच्या गिऱ्हाइकांना पार्सल पाठवून हात बसू द्या, मग एक मार्केटप्लेस. तिन्ही ठिकाणी एकदम उघडणाऱ्यांचा साठा एकीकडे संपतो आणि दुसरीकडे ऑर्डर येत राहते.

टप्पा ६ : फोटो आणि पानावरचा मजकूर

आता कॅमेरा काढा. पांढऱ्या कापडावर, खिडकीच्या उजेडात पाकिटाची पुढची बाजू, लेबलची मागची बाजू, वाटीत काढलेला मसाला, आणि त्या मसाल्याची मिसळ किंवा पिठलं. चार फोटो पुरेत. मसाल्याचा रंग ॲपमध्ये लालभडक करू नका; प्रत्यक्ष पाकीट फिकं दिसलं की "भेसळ आहे" अशी प्रतिक्रिया येते आणि ती पुसता येत नाही.

मजकुरात "आजीच्या हातची चव" लिहिण्याआधी तिखटपणा लिहा. बेडगी जास्त असेल तर रंग जास्त, तिखट बेताचं. संकेश्वरी किंवा लवंगी असेल तर तसं सांगा. चार माणसांच्या उसळीला किती चमचे, हे एक वाक्य तक्रारी निम्म्यानं कमी करतं. विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या गिऱ्हाइकाला काळा, गोडा आणि कांदा-लसूण यांतला फरक माहीत असेलच असं नाही. चुकून गोडा समजून आमटीत दोन चमचे टाकलेल्या बाईंचा फोन मला रात्री साडेनऊला आला होता.

टप्पा ७ : पैसे घेणं

यूपीआयचा क्यूआर चालू खात्याशी जोडलेला हवा. नियम एकच: स्क्रीनशॉट बघून पार्सल पाठवायचं नाही. बनावट स्क्रीनशॉट करणारी ॲप सहज मिळतात. पैसे आले की नाही ते आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समोरचा चोर आहे.

संकेतस्थळावर पेमेंट गेटवे लावाल तर पैसे त्याच दिवशी येत नाहीत, कमिशन कापून एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात. मिरचीच्या व्यापाऱ्याला शब्द देताना हे ध्यानात ठेवा.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. नवं गिऱ्हाईक हेच मागतं आणि बुडवतंही हेच. कुरिअरवाल्यांच्या भाषेत "आरटीओ" म्हणजे गाडी पासिंगचं ऑफिस नव्हे. न स्वीकारलेलं पार्सल परत येणं. वरच्याच पाकिटाचा हिशेब थेट कुरिअरनं करा: ३६० मधून कर १७, कुरिअर ६५, रोख वसुलीचा आकार समजा ३५, या दोन्हींवरचा जीएसटी १८, माल-पॅकिंग १९०. सुटले ३५ रुपये. पार्सल परत आलं तर जाण्याचे ६५, येण्याचे ६५, त्यावर कर २३ आणि चेपलेल्या पॅकिंगचे २० असे १७३ गेले. एका परतीनं पाच ऑर्डरींचा नफा खाल्ला. परत आलेला मसाला पुन्हा विकता येईल का, हा प्रश्न वेगळाच.

म्हणून सीओडी द्यायचीच असेल तर पाठवण्याआधी फोन करा, पत्त्यात जवळची खूण आणि पिनकोड पुन्हा विचारा, आणि पन्नास रुपये तरी आगाऊ घ्या. पन्नास रुपये भरलेला माणूस दार उघडतो.

टप्पा ८ : दहा पार्सलांची रंगीत तालीम

दुकान उघडण्याआधी दहा पार्सलं नातेवाइकांना पाठवा: दोन शहरांत, बाकी रत्नागिरीतलं आडगाव, गडचिरोली, मेळघाट अशा ठिकाणी. खासगी कुरिअर जिथं पोचत नाही तिथं स्पीड पोस्ट पोचतं, हे याच वेळी कळतं. प्रत्येकाला खोकं उघडतानाचा फोटो मागा. "छान आहे" हे उत्तर घेऊ नका.

पाठवण्याआधी प्रत्येक खोकं कमरेइतक्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाका: एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. पाऊचचा सील सुटला तर खोकं उघडायची गरज नाही, वासच सांगेल. मसाल्याचं पाऊच दुहेरी सीलचं घ्या. एक फुटलेलं पाकीट कुरिअरच्या पोत्यातल्या दुसऱ्याच्या साडीचंही वाटोळं करतं.

*तपासा : दहापैकी नऊ पार्सलं न उसवता, सांगितलेल्या दिवसांत पोचली का?*

टप्पा ९ : तक्रारी

२०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क तिथं द्या. घरचा उद्योग असेल तर ते नाव तुमचंच असेल, हरकत नाही.

परतीचं धोरण चार ओळींत लिहा. फुटलेलं, चुकीचं किंवा मुदत संपलेलं पाकीट आलं तर फोटो पाठवल्यावर नवं पाकीट किंवा पैसे; चव आवडली नाही तर काय करणार, तेही आधीच ठरवा. खाण्याचा माल परत मागवू नका. परतीचं कुरिअर मालाइतकंच महाग पडतं.

टप्पा १० : दर सोमवारचा हिशेब

मार्केटप्लेसकडून आलेली रक्कम आणि ऑर्डरींची यादी दर आठवड्याला जुळवा. महिनाअखेरीपर्यंत थांबलात तर वजनाच्या फरकापोटी कापलेले पैसे मागायची मुदत निघून गेलेली असते. म्हणून प्रत्येक पार्सलाचा काट्यावरचा फोटो काढून ठेवायची सवय लावा. वजनाच्या वादात दुसरा पुरावा नसतो.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून मार्केटप्लेस जीएसटीचा ०.५ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर) कापतं. हा पैसा तुमचाच आहे, पण पोर्टलवर टीसीएसच्या क्रेडिटचं वेगळं विवरण स्वीकारून दाखल केल्याशिवाय तो तुमच्या रोख खतावणीत येत नाही. कित्येकांचा पडून आहे. आयकराचा ०.१ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) वेगळा. वैयक्तिक विक्रेत्याची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापला जात नाही. कापला गेला असेल तर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या पत्रकात) बघून विवरणपत्रात मागा. ज्या विक्रीचे पैसे परत केले, तिची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा, नाहीतर न झालेल्या विक्रीवर कर भरत बसाल.

याच सोमवारी पिनकोडनिहाय ऑर्डरीही मोजा. ऑनलाइन विक्रीनं छोट्या उद्योगाला दिलेली ही खरी सोय आहे. माझ्याकडे एका हंगामात पुण्याच्या दोनच पिनकोडांतून इतकी मागणी आली की कुरिअर सोडून मी दर शनिवारी ट्रॅव्हल्सनं एकच गोणी पाठवायला लागले आणि तिथली मैत्रीण ती वाटते.

साठ्याचंही याच दिवशी बघा. मसाल्याची मिरची मार्च ते मे या काळात भरायची असते आणि नोव्हेंबरपर्यंत ती संपते. संपली की सगळीकडचं पान "साठा संपला" वर टाका. मिळेल ती मिरची आणून त्याच नावानं मसाला पाठवू नका. जुनं गिऱ्हाईक पहिल्याच घासाला ओळखतं, आणि फोनही करत नाही.